वाचनालयातल्या वाचक गटासाठी पुस्तक कसं निवडायचं? आमचे चौदाचे सहा झालेत

डबलबेल

नमस्कार मंडळी. मी एसटीत कंडक्टर होतो, सोलापूर आगार, बरीच वर्षं अक्कलकोट लाईनला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. वाचनाची सवय मुक्कामी गाडीनं लावली. रात्री गावात गाडी लावायची, जेवण उरकायचं, मग गाडीतल्याच दिव्याखाली पुस्तक घेऊन बसायचं. ड्रायव्हर ओरडायचा, "बॅटरी उतरली तर सकाळी धक्का तुम्हीच मारा." दोनदा मारलाय.

आमच्या भागातल्या वाचनालयाचा मी जुना वर्गणीदार. वाचनालय लहानच आहे. खाली पेपर आणि मासिकं, वर पुस्तकं, त्याला लागून एक खोली. पूर्वी तिथं बालविभाग होता, आता सतरंजी आणि तीन मोडक्या खुर्च्या आहेत. दिवाळीनंतर ग्रंथपाल म्हणाले, महिन्यातून एका रविवारी वाचक जमवू, पुस्तक तुम्ही निवडा, तुम्हाला माणसं सांभाळायची सवय आहे. मी फुशारून हो म्हणालो. भरल्या गाडीत खिडकीवरून चाललेली भांडणं मिटवणं यापेक्षा सोपं होतं.

पहिल्या रविवारी चौदा जण आले. कोण कोण ते सांगतो, कारण अडचण तिथंच आहे. टॉवेल कारखान्यात शिलाईवर असलेल्या दोघी मैत्रिणी, त्यातली एक घरी कन्नड बोलते. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, घरी दोन कपाटं पुस्तकं. यंत्रमागावर जन्म काढलेले एक मामा, घरात तेलुगू; मराठी वाचतात, पण ओळीवर बोट ठेवून, सावकाश. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक पोरगी. माझा एक रिक्षावाला दोस्त, जो फक्त माझ्या भिडेखातर येतो. अक्कलकोटकडच्या एक आजी. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, मराठी सगळं कळतं, बोलतात मात्र निम्मं कन्नड. नातवाला पुस्तक बदलायला घेऊन आल्या आणि आमच्यात बसल्या, त्या बसल्याच. बाकीचे येऊन-जाऊन.

पहिल्या वेळी ठरलं की प्रत्येकानं आपल्या आवडीचं पुस्तक आणायचं आणि त्याबद्दल सांगायचं. बँकेचे साहेब चाळीस मिनिटं बोलले. पुस्तक रहस्यकथेचं, आणि खुनी कोण ते शेवटी सांगून मोकळे. शिलाईवाल्या ताईनं तेच पुस्तक आपल्या नावावर लावून ठेवलं होतं. ती म्हणाली, "आता मी घरी नेऊन काय त्याला उशाला घेऊ?" बाकी आठ जणांची पाळीच आली नाही.

दुसऱ्या महिन्यात मी शहाणपणा केला. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं. माझ्या आवडीची कादंबरी निवडली, साडेचारशे पानांची. वाचनालयात प्रत एक. ती साहेबांकडे एकोणीस दिवस, मग पोरीकडे, मग माझ्याकडे. रविवारी वाचून आलेले तिघं. बाकीचे हॉटेलवर गाडी थांबली की पॅसेंजर जसे उभे राहतात तसे बसून होते, कधी एकदा सुटतेय म्हणून. कादंबरीचं नाव सांगत नाही, तिचा काही दोष नाही.

तिसरा महिना जानेवारीचा. गड्ड्याची जत्रा, संक्रांत, घरोघरी पाहुणे. म्हटलं हलकंफुलकं घेऊ. विनोदी लेख वाचले. लोक खरंच हसले. वीस मिनिटांत वाचून झालं, हसून झालं, आणि मग काय बोलायचं? नळाला कितव्या दिवशी पाणी आलं यावर गाडी गेली. सोलापुरात तो विषय एकदा निघाला की दुसरा निघत नाही.

फेब्रुवारीत सहा जण.

जिना उतरताना मामा म्हणाले, "कंडक्टर साहेब, तुमची पुस्तकं चांगलीच असणार. पण त्यात घालायला माझ्याजवळ काय नाही." हे वाक्य चार दिवस डोक्यात फिरतंय. मी पुस्तकातून काय मिळेल ते बघत होतो, आणि ते म्हणतात घालायला काय नाही.

तर विचारायचं एवढंच. एकच पुस्तक घ्यावं की ज्यानं त्यानं आपापलं आणावं? एका प्रतीत भागवायचं कसं? आणि बोट ठेवून वाचणारे, दोन कपाटंवाले आणि अजिबात न वाचणारे एका सतरंजीवर बसणार असतील तर पुस्तक कुठलं? नावं सांगा. "चांगलं साहित्य निवडा" असं सांगू नका, ते मला साहेबांनी सांगून झालंय.

कडकभाकरी

काका, मी मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या पुण्यात लॅपटॉपसमोर. रविवारी संध्याकाळी घर सोडून सहा माणसं पुस्तकासाठी जिना चढून येलालेत हेच मला लई वाटलालंय. इथं आमच्या सोसायटीत वाचन गट काढला, पहिल्याच मीटिंगला मी आणि वॉचमन.

एकच सांगतो. लोक कमी वाचलेले आहेत म्हणून लहान मुलांचं पुस्तक देऊ नका. माझी आई सातवी शिकलेली. तिला कोणी "सोपं आहे, तुम्हाला जमेल" म्हणून पुस्तक दिलं की ती ते उघडत नाही. पुस्तक छोटं असावं, पण आतला माल मोठ्यांचा पाहिजे.

आणि चहाबरोबर शेंगाचटणी-भाकरी ठेवा. मी चेष्टा करत नाहीये.

वाचनालयवाली

काका, मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात ड वर्गाचं वाचनालय सांभाळते. कपाटं कमी, अनुदान त्याहून कमी. प्रतींचं रडगाणं मला पाठ आहे, म्हणून तेवढ्यावरच लिहिते.

निवडण्याआधी पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला तारखांचा कागद बघा. तुमच्याकडे अजून तो लावत असतील तर त्यासारखा सल्लागार नाही. पुस्तक गेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आलं, मग वर्षभर कोणी नेलंच नाही, तर ते ठेवून द्या, लेखक कितीही थोर असो. एकानं परत केलं आणि त्याच दिवशी दुसऱ्याच्या नावावर गेलं, असं तीन-चारदा दिसलं की समजायचं, लोक या पुस्तकाबद्दल घरी, ओट्यावर बोलतात. गटाला तेच लागतं. मी असं निवडायला लागल्यापासून माझ्या आवडीची निम्मी पुस्तकं बाद झाली. वाईट वाटतं, पण बाद झाली.

आता झेरॉक्सचं. सगळे करतात, पण सरसकट करू नका. आपल्याकडे लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं लिखाणावर हक्क (कॉपीराइट) राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लिखाण मोकळं. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, त्यांची 'स्मृतिचित्रे' कधीच मोकळी झाली. यातलं एखादं प्रकरण तुम्ही खुशाल टाईप करून, अक्षर मोठं करून, वीस प्रती काढून वाटा. कोणाची चोरी नाही, आणि डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांची सोय होते. पण व्यंकटेश माडगूळकर गेले २००१ साली. त्यांचा हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत. तिथं प्रती विकतच घ्या, किंवा गोळा करा. एक वाचनालयाची, एक बँकेच्या साहेबांच्या कपाटातली, एखादी जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरची. चौदा जणांना चार प्रती झाल्या की भागतं. तीन-तीन दिवसांची पाळी लावून वहीत लिहून ठेवायचं. साहेबांचा नंबर शेवटी.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेलं म्हणजे 'श्यामची आई'. नाक मुरडू नका. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, बेचाळीस रात्रींचं पुस्तक. एक रात्र वाचायला एक बैठक. लहानपणी वाचलेलं आणि साठीत वाचलेलं यात फरक पडतो. आमच्या एक बाई म्हणाल्या, "तेव्हा मी श्यामच्या बाजूनं वाचलं होतं, आता आईच्या बाजूनं वाचलं, आणि मला श्यामचाच राग आला." त्यावर दीड तास गेला. 

साखरपेठ

मी पूर्व भागातल्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्याही घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही, आणि दुकानात हिंदी मिसळून. तुमचे मामा मला माझ्या वडिलांसारखे वाटले. वडील पेपर पूर्ण वाचायचे, पण कुणासमोर नाही. ओठ हलतात म्हणून लाजायचे.

म्हणून सांगते, "घरून वाचून या" ही अटच काढा. ज्याला जमेल त्यानं वाचावं. पण बैठकीत मोठ्यानं वाचायचं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि कोणीही मध्येच थांबवायचं. हळू वाचणारा, भरभर वाचणारा आणि न वाचणारा, कानानं तिघं एकाच वेगानं जातात. निवांत वाचलं तर पानाला दोन मिनिटं लागतात, माझा वर्गातला अंदाज. दहा पानं वीस मिनिटं. बाकीचा वेळ बोलण्याला.

पुस्तक निवडताना माझी एक कसोटी आहे. मधलं कुठलंही पान उघडायचं आणि उभं राहून मोठ्यानं वाचायचं. जीभ अडखळली, वाक्य संपेपर्यंत श्वास संपला, तर ते पुस्तक एकट्यानं वाचायचं, गटात नाही. या कसोटीत काही फार मोठी पुस्तकं नापास होतात आणि त्याला इलाज नाही.

पास होणारी सांगते. माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची, दीडशेच्या आत-बाहेर पानं. नवा मास्तर धनगरांच्या वस्तीवरच्या शाळेत जातो, एवढीच गोष्ट. आपल्या सांगोल्याला लागूनचा माणदेश, दुष्काळ तोच, बोली थोडी वेगळी. त्यांचीच 'माणदेशी माणसं' घेतलीत तर आणखी सोपं, एकेक माणूस सुटा आहे. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' मला वाटलं होतं जड जाईल, पण त्यातला गांधारीवरचा लेख मी आमच्या महिला मंडळात वाचला तर बायकांनी मला पुढं वाचूच दिलं नाही. डोळ्यांवर पट्टी बांधली ते बरोबर केलं का, यावर सासू-सुना समोरासमोर! महाभारत सगळ्यांना माहीत असतं ना, म्हणून सगळ्यांकडे बोलायला असतं. तुमच्या मामांचं "घालायला काय नाही" तिथं लागू होणार नाही.

आणि ज्यानं त्यानं आपलं पुस्तक आणायची पद्धत मोडू नका. फक्त पुस्तकाऐवजी एक पान आणायला सांगा. मोठ्यानं वाचायचं आणि हेच का आणलं ते सांगायचं. पाच मिनिटं. पानाचा शेवट सांगता येतो, पुस्तकाचा नाही.

निवृत्त_मास्तर

वरच्या ताईंशी सहमत. एक भर घालतो. मी मंगळवेढ्याकडचा, आमच्या गटाला सहा वर्षं झाली.

जिल्ह्यातलं पुस्तक घ्यायचं असेल तर दोन नावं सुचतात. एक, त्र्यं. वि. सरदेशमुखांची 'डांगोरा एका नगरीचा'. २००३ चा साहित्य अकादमी मिळालेली, आपल्या सोलापूरच्या लेखकाची. पण जाड आहे, तुमच्या पुढच्या वर्षासाठी ठेवा. दुसरं, शरणकुमार लिंबाळ्यांचं दलित आत्मकथन 'अक्करमाशी', १९८४ चं. ते अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, म्हणजे तुमची लाईन. पुस्तक छोटं आहे, पण अंगावर येतं. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे भरलं ते अक्करमाशी, पुरं नाही ते. गावात लग्नाबाहेर जन्मलेल्याला हा शब्द लावतात, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे नुसत्या शीर्षकावर पाऊण तास बोलणं झालं.

मात्र हे घेताना आम्ही एक चूक केली. गटात दलित वस्तीतला एक तरुण होता. कोणीतरी प्रेमानंच म्हणालं, "तूच वाच, तुला जास्त कळेल." त्यानं वाचलं, आणि पुढच्या महिन्यापासून यायचा बंद झाला. मी घरी गेलो तेव्हा म्हणाला, "सर, मी वाचक म्हणून आलो होतो, तुम्ही मला नमुना केलात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यामुळे असं पुस्तक घ्या, जरूर घ्या, पण एक महिना आधी सांगा, ज्याला नको त्याला न येण्याची मोकळीक ठेवा, आणि वाचायला गटप्रमुखानं स्वतः बसा.

डबलबेल

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं वाचून उठलो आणि पाणी पिऊन आलो.

'अक्करमाशी' मी नोकरीत असताना वाचलंय, मुक्कामी गाडीतच, त्याच तालुक्यातल्या एका गावात. सकाळी पहिली फेरी. तिकीट फाडताना चेहऱ्याकडे बघायला लागलो. रोज तीच माणसं चढायची. मागं उभी राहणारी कोण आणि पुढं सीट धरणारी कोण हे मी वर्षानुवर्षं बघत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. एक म्हातारा मला म्हणाला, "मास्तर, पैसे दिले की, तिकीट द्या." मी ते हातातच धरून उभा होतो. हे पुस्तक मी घेईन, पण घाईनं नाही. आधी गट बसू दे.

मार्चसाठी 'बनगरवाडी' ठरवलीय. ग्रंथपालांनी तारखांचा कागद दाखवला, शेवटचा शिक्का दोन महिन्यांपूर्वीचा, त्याआधी ओळीनं चार. वाचनालयवाली ताई, तुमची परीक्षा पास! प्रती चार झाल्या. एक वाचनालयाची, एक साहेबांची (पुठ्ठ्याची, खाकी कव्हर घातलेली, "चहा सांडू नका" अशी चिठ्ठी लावून दिलीय), एक पोरीनं मैत्रिणीकडून आणली, एक मी विकत घेतली. "घरून वाचून या" ही अट काढलीय, तसा निरोप सगळ्यांना दिला. मामांना मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. ते नुसतं "बघतो" म्हणाले.

रविवारी काय होतं ते येऊन लिहितो.

कडकभाकरी

काका, भाकरी?

डबलबेल

शिलाईवाल्या ताई आणणार आहेत. तू गप बस.

डबलबेल

झालं. अकरा आले. सांगतो सगळं, थोडं लांबेल.

वाचायला परीक्षावाली पोरगी बसली, आवाज खणखणीत. मी टेबलाजवळ पेन घेऊन. नियम सांगितला: कोणी पाच मिनिटांवर बोललं की मी एक टोला मारणार, सिंगल बेल, गाडी थांबली. दोन टोले म्हणजे पुढं चला. साहेबांना हे आवडलं नाही. पण हसले.

सुरुवातीची पानं नुसती ऐकली. कोणी थांबवेना. मला वाटलं, गेला हाही रविवार. तेवढ्यात पोरगी दमली म्हणून मी मध्येच विचारलं, मास्तरच्या शाळेत पोरं का येत नसतील? मामा म्हणाले, "येतील कशी? पोरगं शाळेत गेलं तर मेंढरामागं कोण जाईल? मी तिसरीत असताना कांड्या भरायला बसलो." मग मागावर कांड्या कशा भरायच्या, पोराच्या बोटांना ते का जमतं, किती वाजता उठायचं, हे सगळं निघालं. पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. पेन माझ्या हातात होतं, पण टोला मारला नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग मी पुस्तकात पुढं उडी मारली. साखरपेठ मॅडम, चूक असेल तर सांगा, पण सगळं ओळीनं वाचलं तर वर्ष जाईल. गाव मिळून तालीम बांधतं तो भाग घेतला. रिक्षावाला दोस्त, जो आजवर एक शब्द बोलला नव्हता, तो एकदम म्हणाला, "आमच्या गल्लीतल्या तालमीला माझ्या बापानं आठवड्याच्या पगारातनं पैसे दिले होते, अन् आता तिथं गाळे काढलेत." मग त्यावर मामा आणि तो. गल्ली एकच निघाली.

शेवटी पाऊस नाही, वस्ती उठायला लागते, तिथली दोन-तीन पानं वाचली. आजी इतका वेळ भिंतीला टेकून होत्या. त्या सरळ बसल्या आणि बोलायला लागल्या, पण सगळं कन्नडमध्ये. आता माझं कन्नड म्हणजे गाडीतलं. "मुंद होगरी" (पुढं व्हा) आणि "चिल्लर कोडरी" (सुटे द्या) याच्या पुढं जात नाही. शिलाईवाली ताई मराठीत सांगायला लागली. १९७२ चा दुष्काळ. आजी तेव्हा नव्या नवरी. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या, मांडीवर पोर. सुकडी मिळायची, आणि लाल मिलो ज्वारी, जी जनावरांना घालतात म्हणून गावात चेष्टा व्हायची आणि सगळेच खायचे. घरची म्हैस सोडून दिली. विकली नाही, कारण घेणारं कोण? नुसती दावं काढून सोडली, आणि ती तीन दिवस दारात येऊन उभी राहिली. हे सांगताना ताई मध्येच थांबली, तिला पुढचं मराठीत सांगता येईना. कळलं सगळ्यांना.

कोणीच बोललं नाही. मग पोरगी म्हणाली, आमच्या अभ्यासात ७२ चा दुष्काळ दोन मार्कांना आहे, रोजगार हमीशी जोड्या लावा.

साहेबांची तक्रार मी लिहितोच, नाहीतर अन्याय होईल. ते म्हणाले, कादंबरीच्या रचनेवर, निवेदनावर, भाषेवर एक अक्षर चर्चा झाली नाही, ही पुस्तकावर बैठक होती की आठवणींवर? मुद्दा बरोबर आहे. पुढच्या वेळी शेवटची पंधरा मिनिटं त्यांना दिलीत, आणि बेल पोरीच्या हातात. त्यांनीही एक गोष्ट मोठी केली. आपली पुठ्ठ्याची प्रत चिठ्ठी काढून मामांना घरी दिली. किती दिवसांसाठी ते सांगितलं नाही.

आता पुढचं पुस्तक कोणतं? मी 'स्मृतिचित्रे'तलं एक प्रकरण मोठ्या टाईपात छापून नेलं होतं, वीस प्रती, ताईंच्या सांगण्याप्रमाणे. वाटायला काढलं तर आजी म्हणाल्या, थांब. मास्तर त्या गावात राहिला का गेला? मी म्हटलं, आजी, ते शेवटाला आहे. म्हणाल्या, "मग शेवटापर्यंत वाच की. अर्ध्यात उतरवतो काय?"

तर एप्रिललाही 'बनगरवाडी'च. टाईप केलेली प्रकरणं कपाटात ठेवलीत, मे महिन्यात काढू. वेळ बदलून सकाळी साडेसातची केलीय, कारण वरच्या खोलीचा पत्रा दुपारपासून तापायला लागला की रात्री नऊपर्यंत निवत नाही. आजींनी खाली येऊन वर्गणी भरली आणि कार्ड केलं. ग्रंथपाल म्हणाले, नातवाचं आहे ना कार्ड, वेगळं कशाला? त्या म्हणाल्या, ते त्याचं आहे.

एकच अडचण. साहेबांची प्रत मामांकडे गेली, पोरीच्या मैत्रिणीनं आपली परत मागितली. राहिल्या दोन. आणि पाच जण घरी नेऊन वाचतो म्हणतायत, रिक्षावाला धरून. पहिल्यांदा असं झालंय.

वाचनालयवाली

काका, म्हशीचं वाचून मी वाचनालय उघडायला उशीर केला. आमच्या कपाटात एक जादा प्रत आहे, पण बाहेरगावी द्यायची तर समितीला विचारावं लागेल. विचारते. रचनेवर बोलायचं तर साहेबांना एक प्रश्न द्या: मास्तर आपल्याबद्दल इतकं कमी का बोलतो? पंधरा मिनिटं पुरणार नाहीत त्यांना.

साखरपेठ

उडी मारलीत ते बरोबरच केलंत. आणि त्या पोरीला सांगा, दोन मार्कांचं उत्तर तिला आता कोणी विचारलं तरी विसरणार नाही ती.

कडकभाकरी

काका, मी पुण्यात दोन प्रती घेतल्या आत्ता. शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येलालोय, शनिवारी वाचनालयात आणून देतो. एक माझ्या आईला द्यायची होती, पण ती म्हणाली आधी तिकडं दे, मी तिथंच येऊन ऐकते. तिच्यासाठी खुर्ची लागेल, गुडघे दुखतात.

डबलबेल

खुर्ची धरून ठेवतो, मोडक्यातली त्यातल्या त्यात बरी. तू गाडीत चार तास बसणार आहेस तर वाचून काढ एक. कुर्डुवाडीपर्यंत निम्मी होईल. शेवट मात्र इथं लिहू नकोस, आजींचा नातू हे वाचतो.